साडेतेहतीस

पंपावरच्या पोऱ्याने हवेचा पाइप हातात घेऊन ‘साहेब, किती?’ म्हणून विचारलं आणि ‘पुढे साडेतेहतीस, मागे एकतीस’ असं उत्तर आलं, तर साहेब पोलो जीटी टीएसआयचे मालक आहेत हे गाडी न बघता ओळखावं. मशिनला अर्धा कळत नाही. पोऱ्या चौतीस भरतो. साहेब उकिडवे बसतात, खिशातून स्वतःचा गेज काढतात आणि फुस्स करून अर्धा सोडतात. मागे रिक्षांची रांग खोळंबलेली.

गेज एकूण तीन. तिन्ही वेगवेगळं सांगतात, म्हणून साहेब सरासरी काढतात.

खरं तर योग्य आकडा कंपनीने पेट्रोलच्या झाकणाआड स्टिकरवर छापलेला आहे. पण तो ‘नॉर्मल पब्लिक’साठी! साहेब रविवारी पहाटे ताम्हिणीत जातात. इंजिनचं ओझं पुढच्या चाकांवर, ओढायचं त्यांनीच, वळायचंही त्यांनीच. हवा कमी असली तर टायरची कड दुमडते आणि गाडीचं नाक वळणाबाहेर धावतं. जास्त झाली तर टायर मधल्या पट्ट्यावरच टेकतो आणि पकड सुटते. यातलं काहीही खोटं नाही. टायरच्या कडेला खडूने रेघा ओढायच्या आणि घाट उतरल्यावर किती पुसल्या ते बघायचं, हीसुद्धा जाणकारांची रीत. फक्त त्या रेघा सोसायटीच्या वॉचमनने पाहिल्या, आणि साहेबांवर कुणीतरी करणी केली अशी बातमी संध्याकाळपर्यंत चौथ्या मजल्यावर पोचली. उरलेले सहा दिवस गाडी कर्वे रोडवर बसच्या मागे रांगते. तिथे साडेतेहतीसचा काय उपयोग, हे त्यांना विचारू नये. मी विचारलं होतं; पाऊण तास गेला.

हवा मोजायची ती टायर थंड असताना, म्हणजे गाडी तीनेक तास उभी राहिल्यावर. तापमान साडेपाच अंशांनी चढलं की साधारण एक पीएसआय वाढतो. साहेबांच्या पार्किंगमध्ये सकाळचं ऊन नेमकं डाव्या चाकांवर पडतं, त्यामुळे डावी-उजवी बाजू जुळत नाही. सावलीतली जागा मिळावी म्हणून त्यांनी सोसायटीला अर्ज दिलाय, सोबत तक्ता जोडून. चेअरमननी तो ‘पाणीगळती’च्या फायलीत लावला.

नायट्रोजनला ते हसतात. साध्या हवेत ७८ टक्के तोच असतो, पैसे कशाचे? भरतात मात्र नायट्रोजनच. कोरडा असतो म्हणे.

गेल्या दिवाळीत सगळे कोल्हापूरला निघाले. स्टिकरवर दोन आकडे असतात, एक थोड्या माणसांचा, एक भरल्या गाडीचा. साहेबांची गाडी या दोहोंच्या अधेमधे भरणार होती, त्यामुळे हिशेब मांडणं आलं. बॅगा काट्यावर झाल्या, मुलगी झाली, फराळाचे डबे झाले. मग वही-पेन घेऊन ते हॉलमध्ये आले आणि पाहुण्यांदेखत म्हणाले, ‘आई, तुमचं वजन किती?’

सासूबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. ‘जावईबापू, मी एसटीने येते.’

साहेब तसेच खाली गेले आणि मागच्या दोन्ही चाकांतली दीड-दीड पीएसआय हवा सोडून आले.