मंडपावरचा सिक्सर

अंधेरीतल्या आमच्या ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे की १९९८च्या २६ जानेवारीला, मुलुंड पूर्वेच्या आमच्या सोसायटीच्या फायनलमध्ये, शेवटच्या चेंडूवर चार हव्या असताना सिक्सर बसला होता. हे खरं आहे. तो मी मारला, हेही त्यांना ठाऊक आहे. ते मात्र मी सांगितलेलं आहे.

बॉलर मी होतो.

आठच दिवसांपूर्वी ढाक्यात, विझत्या उजेडात, आपल्या पुण्याच्या हृषीकेश कानिटकरने दोन चेंडूंत तीन हव्या असताना सकलेनला चौकार मारून ३१५चं लक्ष्य गाठून दिलं होतं. त्या आठवड्यात मुलुंडमधला पोरगा न् पोरगा डावखुरा झाला. मीही आरशासमोर डावखुराच होतो. सकलेन व्हायला कुणी तयार नव्हतं.

आता आमच्या क्रिकेटची राज्यघटना सांगायलाच हवी. जगात चेंडू थेट सीमेपार गेला की सहा. आमच्याकडे कंपाउंडपार गेला की आऊट, आणि वर मारणाऱ्यानेच तो आणायचा. गटारात एक धाव. पहिल्या मजल्याच्या ग्रिलला लागला तर दोन. स्कूटरखाली अडकला तर डेड बॉल. स्कूटर सेक्रेटरींची असेल तर अख्खी मॅच डेड. तळमजल्यावरच्या काकूंच्या खिडकीवर बसला तर बॅट्समन आऊट, चेंडू जप्त आणि संध्याकाळी आईकडे तक्रार. मुलुंड-घाटकोपरच्या एका पिढीला चेंडू जमिनीलगत मारायला कोचने नाही, खिडक्यांच्या काचांनी शिकवलं. बोरिवलीत वाढूनही रोहित शर्मा एवढे षटकार कसा मारतो, हे कोडं मला सुटलेलं नाही. त्यांच्याकडे वेळीच घटनादुरुस्ती झाली असावी.

आमच्याकडे झाली नव्हती. प्रजासत्ताक दिनाच्या सत्यनारायणासाठी कंपाउंडच्या कोपऱ्यात मंडप पडला होता, आणि मंडपाबद्दल घटनेत अवाक्षर नव्हतं. मी मनातल्या मनात यॉर्कर टाकला; हातातून फुलटॉस सुटला. सी विंगच्या पोराने डोळे मिटून बॅट फिरवली आणि चेंडू थेट मंडपाच्या छतावर जाऊन बसला. खाली आरती चालू होती. आम्ही ‘आऊट, आऊट’ म्हणून नाचलो. अंपायरने शांतपणे दोन्ही हात वर केले.

अंपायर माझे बाबा होते.

‘मंडपाचं भाडं सोसायटीने भरलंय,’ घरी आल्यावर ते म्हणाले, ‘म्हणजे तो आपल्याच आवारात.’ त्या रात्री मी प्रसादाच्या शिऱ्यालाही हात लावला नाही.

मारणाऱ्यांचं बरं असतं. २०११च्या फायनलमध्ये धोनीचा चेंडू वानखेडेत जिथे पडला, त्या खुर्च्यांचंसुद्धा स्मारक करायचं ठरलं. (गंभीरच्या ९७ धावांना मात्र बसायला स्टूलही नाही.) तिकडे पिट्सबर्गमध्ये बिल मॅझेरोस्कीने १३ ऑक्टोबर १९६० रोजी होमरन मारून बेसबॉलची वर्ल्ड सिरीज जिंकून दिली, त्या मैदानाची उरलेली भिंत पाहायला अजून दरवर्षी त्या तारखेला माणसं जमतात. चेंडू टाकणाऱ्या राल्फ टेरीने दोनच वर्षांनी वर्ल्ड सिरीजचा सातवा, निर्णायक सामना १-० असा जिंकून दिला. त्यासाठी कुठली भिंत?

आणि आपला चेतन शर्मा. १९८६ला शारजात मियांदादने त्याला शेवटच्या चेंडूवर सिक्सर मारला तेव्हा तो वीस वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी नागपुरात त्याने विश्वचषकातली पहिली हॅटट्रिक घेतली, तिघेही क्लीन बोल्ड. तरी त्याचं नाव निघालं की लोकांना आधी शारजाच आठवतं. वीस वर्षांच्या पोराच्या हातून सुटलेला एक फुलटॉस आपण सगळ्यांनी मिळून जन्मभर त्याच्या डोक्यावर ठेवला. मीही ठेवला, मोठ्या चवीने. माझा फुलटॉस तर सी विंगसुद्धा होळीपर्यंत विसरली होती. मला तो विसरता येईना, म्हणून मी बॅट स्वतःच्या हातात घेतली.

परवा माझ्या मुलाने, मी समोर असतानाच, बाबांना विचारलं, ‘आजोबा, फायनलला लास्ट बॉलवर बाबाने सिक्स मारलेली ना?’

मी घाईघाईने पाणी प्यायला उठलो. बाबांनी चष्म्यावरून एकवार माझ्याकडे पाहिलं, पेपर मांडीवर ठेवला आणि दोन्ही हात वर केले.