पाणी बोगद्यातून, आम्ही खिंडीतून

भाड्याने मिळालेली सायकल 'मामाचारी' जातीची होती. पुढे आठवड्याची भाजी मावेल एवढी टोपली, मागच्या चाकाला कडीचं कुलूप. हिच्यावर बसलं की पाठ आपोआप ताठ होते आणि चेहऱ्यावर पालकसभेला निघाल्याचे भाव येतात. वेग हा प्रकार तिच्या स्वभावातच नाही. क्योतोतल्या यामाशिनात बिवा कालव्याच्या काठाने फिरायला मात्र हिच्यासारखं वाहन नाही, कारण कालव्यालाही कसली घाई नाही.

घाई होती ती खोदणाऱ्यांना. १८६९मध्ये सम्राट तोक्योला गेले, पाठोपाठ दफ्तरं गेली आणि हजार वर्षं राजधानी म्हणून मिरवलेल्या क्योतोला अवकळा आली. रुसून बसायचं सोडून गव्हर्नर कितागाकी कुनिमिचींनी डोंगरापलीकडचं बिवा सरोवरच गावात आणायचं ठरवलं. काम दिलं तानाबे साकुरो या नुकतीच पदवी घेतलेल्या पोराला. त्याचा पदवीचा प्रबंधच या कालव्यावर होता. आपल्याकडे प्रबंध कपाटात जातो. याचा १८८५ ते १८९० या पाच वर्षांत डोंगराच्या आरपार गेला. त्यातला पहिलाच बोगदा २,४३६ मीटरचा!

चेरीचा बहर ओसरलेला, सावली गार, वाट अरुंद. पुढे एक आजी-आजोबा बाबागाडी ढकलत चाललेले. बाबागाडीत कुत्रा. मी पुण्याचा, त्यामुळे अंगठा जन्मतःच घंटीवर. पण जपानी कायदा असा की सायकलला घंटी हवीच, आणि धोका टाळायला दुसरा इलाजच नसेल तेव्हाच ती वाजवायची. 'बाजूला व्हा' म्हणून वाजवणं चक्क बेकायदा. मी मागे-मागे. सायकल इतकी हळू की तोल सांभाळायला कसरत. कुत्रा मान वळवून माझ्याकडे बघत होता. त्याला बहुधा माझ्या पायांची कीव आली असावी. अखेर तोच भुंकला. आजोबा दचकून म्हणाले, "सुमिमासेन!" मी म्हणालो, "सुमिमासेन!" आजींनीही कमरेत वाकून माफी मागितली. सीटवरून उलट वाकायला गेलो तर थेट कालव्यात जलसमाधी, म्हणून उतरलो आणि रीतसर वाकलो. माफी न मागता पुढे गेला तो एकटा कुत्रा.

हिनोओकापाशी कालवा तिसऱ्या बोगद्यात शिरतो. पाणी मजेत डोंगराखालून जातं. सायकलवाल्याने खाली हमरस्त्याला लागून खिंड चढायची. तानाबेने पाण्याची सोय बघितली, आमची नाही. मामाचारीला गिअर तीन. तिन्ही संपले तेव्हा तिला हाताने ढकलत वर नेलं. शाळेची पोरं सायकलवरून, गप्पा मारत, मला मागे टाकून गेली.

पलीकडे केआगेला उतरलो तर होड्यांचे लाड बघायला मिळाले. इथे कालवा ३६ मीटर खाली उतरतो. होडीला हे कसं जमणार? म्हणून ५८२ मीटरचे रूळ टाकले होते आणि होडीला मालासकट चाकांच्या गाड्यावर बसवून वर-खाली नेत. ते ओढायला वीज हवी, तर तानाबे अमेरिकेतल्या अ‍ॅस्पेनला जाऊन जलविद्युत बघून आला आणि १८९१मध्ये इथेच वीजकेंद्र सुरू झालं. त्याच विजेवर १८९५पासून क्योतोत ट्रामही धावली. रुळांवरून होड्यांची ने-आण केव्हाच थांबली; गाडा मात्र दाखवायला म्हणून अजून रुळांवर आहे, वर एक होडीही बसवलेली. रुळांलगतची चढाची वाट मामाचारीच्या तोंडासमोर होती. मी पहारेकऱ्याला खुणेने विचारलं, सायकल चढवता येईल का गाड्यावर? तो अदबीने वाकला आणि सायकलतळाकडे बोट दाखवलं.