२०२९ च्या पराभूत उमेदवारास

रा. रा. जळगाव शहर विधानसभा मतदारसंघ, क्रमांक १३, येथील २०२९ चे पराभूत उमेदवार साहेब यांसी,

मौजे मेहरूण येथील एका मतदाराचा सा. न. वि. वि.

आपले नाव मला अद्याप ठाऊक नाही, आपला पक्ष कोणता हे बहुधा आपल्यालाही ठाऊक नसेल, आणि मुंबईच्या कोणत्या बंगल्यात, कोणत्या मध्यरात्री, कोणाचे तिकीट कापून आपली उमेदवारी मुक्रर होईल हे तर खुद्द त्या बंगल्यालाही आज सांगता येणार नाही. तथापि आपण किती मतांनी पडणार हे मात्र मी आजच सांगू शकतो, आणि इतकी मोलाची माहिती पदरी असताना ती दडवून ठेवणे शेजारधर्माला शोभणार नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

हिशेब सोपा आहे. भारतीय जनता पक्षाचे श्री. सुरेश भोळे, ज्यांना अवघे शहर राजूमामा म्हणते, ते २०१४ मध्ये ४२ हजारांवर मताधिक्याने निवडून आले. २०१९ मध्ये तेच मताधिक्य ६४ हजारांवर गेले. २०२४ मध्ये ८७ हजारांवर. म्हणजे दर खेपेस सुमारे साडेबावीस हजारांची चढ, आणि तीही इतकी नेमकी की अंकगणिती श्रेढी शिकविणाऱ्या मास्तरांनी फळ्यावर दुसरे उदाहरण मांडण्याचे कारण उरू नये. या न्यायाने आपल्या वाट्याला १ लाख १० हजारांच्या आसपासचा पराभव येतो. कापसाचा भाव, केळीचा विमा आणि रोहिणीचा पाऊस यांविषयी ज्या खानदेशात कोणी छातीठोकपणे बोलू धजत नाही, तेथे एवढा भरवशाचा आकडा हाती लागावा हे आपले भाग्यच म्हटले पाहिजे.

आता ज्या दौलतीवर आपण चालून जाणार आहात, तिची पूर्वपीठिका थोडक्यात निवेदन करतो. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यानंतरची पहिली निवडणूक १९६२ ची. त्या वेळी मूळजी जेठा महाविद्यालयात शिकलेल्या आणि टेबल टेनिस उत्तम खेळणाऱ्या एका २७ वर्षांच्या वकील तरुणीला जळगावने काँग्रेसच्या वतीने विधानसभेत पाठविले. पुढच्याच निवडणुकीत प्रतिभाताई पाटील जळगाव सोडून एदलाबादेकडे, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरकडे, गेल्या. तेथून चार वेळा निवडून आल्या, आणि २००७ मध्ये राष्ट्रपती झाल्या. या गावाला जिने एका खेपेतच रामराम ठोकला ती राष्ट्रपतिभवनात पोहोचली, आणि ज्यांनी चौतीस वर्षे हे गाव सोडले नाही ते धुळ्याच्या न्यायालयात पोहोचले, यात काही कार्यकारणभाव असल्याचा दावा मी करीत नाही. परंतु आपल्या पराभवानंतर स्थलांतराचा विचार मनात आल्यास हा दाखला जवळ असू द्यावा.

ती चौतीस वर्षे श्री. सुरेशदादा जैन यांची. १९८०, १९८५, १९९०, १९९५, १९९९, २००४ आणि २००९ अशा सात निवडणुका त्यांनी ओळीने जिंकल्या. या प्रवासात काँग्रेसच्या निरनिराळ्या शाखा, शिवसेना, राष्ट्रवादी आणि पुन्हा शिवसेना अशी त्यांची निशाणी बदलत गेली, आणि मतदार मात्र प्रत्येक वेळी केंद्रावर जाऊन फक्त एवढेच विचारी, की ‘दादांचं चिन्ह यंदा कोणतं?’ पक्षांतर हा शब्द इतरत्र उमेदवाराला लागू होतो. आमच्या शहरात दादा जेथल्या तेथे होते आणि पक्ष त्यांच्याकडे येत-जात होते, अशी आमची प्रामाणिक समजूत होती. त्या सात लढायांत त्यांच्यासमोर कोण कोण उभे राहिले, हे आज मेहरूणच्या पारावर विचारून पाहावे. दोन नावांच्या पुढे कोणाची स्मृती जात नाही. पराभूतांचा इतिहास जळगावात लिहिला जात नाही, आणि म्हणूनच हे पत्र मी विजयी उमेदवाराऐवजी आपल्याला लिहीत आहे.

आपल्याला वाटेल, की एवढ्या प्रदीर्घ कारकिर्दीत मतदाराच्या मनात कधी किंतु आलाच नसेल. किंतु यावा यासाठी थोरांनी पुष्कळ खटपट केली. अण्णा हजारे यांच्या उपोषणानंतर २००३ मध्ये न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचा आयोग नेमला गेला, भ्रष्टाचाराच्या आरोपांच्या त्याच्या चौकशीत दादाही होते. त्यांनी अण्णांविरुद्ध प्रतिउपोषण केले, जी भारतीय उपोषणशास्त्रातील एक मौलिक भर समजावी. २००५ मध्ये अहवाल आला, त्यात दादांवर ठपका होता. २००६ मध्ये घरकुल प्रकरणी महापालिकेचे तत्कालीन आयुक्त प्रवीण गेडाम यांनी फिर्याद दाखल केली. नगरपालिकेच्या काळातली ती योजना: गोरगरिबांसाठी ११ हजारांवर घरे बांधण्याचा संकल्प, त्यांतली जेमतेम दीड हजार पुरी झाली, बाकीच्यांचे पैसे गेले. एवढे सारे दप्तर समोर असताना २००९ मध्ये आम्ही काय केले? दादांना पुन्हा निवडून दिले. आयोगाचा निकाल आणि मतपेटीचा निकाल हे जळगावात निरनिराळ्या भाषांत लिहिले जातात, आणि आम्हाला दुसरीच भाषा वाचता येते. त्यासाठी दादांना बोल लावण्यात अर्थ नाही. मत त्यांनी दिले नव्हते, आम्ही दिले होते.

मार्च २०१२ मध्ये त्यांना अटक झाली. २०१४ मध्ये भाजप-शिवसेना युती तुटली, प्रत्येक पक्ष स्वतंत्र उभा राहिला, आणि दादांनी शिवसेनेच्या वतीने तुरुंगातून निवडणूक लढविली. साहेब, आपण ज्या पदावर विराजमान होणार आहात, त्या पदावर आपल्यापूर्वी बसलेला हा सर्वांत थोर पुरुष होय: सात वेळा जिंकलेला आणि आठव्या वेळी पडलेला. पुढे ऑगस्ट २०१९ मध्ये धुळ्याच्या विशेष न्यायालयाने घरकुल खटल्यात ४८ जणांना दोषी ठरविले, दादांना सात वर्षे कारावास आणि १०० कोटी रुपये दंड सुनावला. प्रकरण अपिलात गेले, जामीनही झाले. न्यायालयाचे काम न्यायालय करील. माझा मुद्दा निराळा आहे. त्या चौतीस वर्षांत आमदारकीची जागा विरोधकाने एकदाही रिकामी करून घेतली नाही. ती रिकामी झाली ती पोलिसांच्या गाडीने आणि दिल्लीकडून आलेल्या लाटेने. विरोधी उमेदवार त्या वेळी तेथे योगायोगाने हजर होता, आणि आज तोच मामा आहे.

आमच्या महापालिकेच्या व्यापारी संकुलांतल्या गाळ्यांचे करार २०१२ मध्ये संपले, तरी गाळेधारक वर्षानुवर्षे तेथेच राहिले, हे आपण ऐकून असालच. विधानसभेच्या जागेचे आम्ही नेमके तसेच केले आहे. मुदत संपते, वहिवाट संपत नाही; पाच वर्षांनी येणारे मतदान म्हणजे नूतनीकरणाचा एक उपचार, आणि आपण, साहेब, त्या उपचाराला लागणारे दुसरे पक्षकार. आपल्याशिवाय लिलाव कायदेशीर होत नाही.

मधल्या काळात महापालिकेत थोडी हालचाल झाली, तीही सांगून टाकतो. २०१८ मध्ये भाजपने ७५ पैकी ५७ जागा जिंकल्या आणि आमदारांच्या सौभाग्यवती महापौर झाल्या. मार्च २०२१ मध्ये त्याच ५७ मधले २७ नगरसेवक फुटले आणि शिवसेनेच्या जयश्री महाजन ४५ विरुद्ध ३० मतांनी महापौर झाल्या. काही दिवस आम्हाला वाटले, की शहरात विरोधी पक्ष जन्माला आला. पुढे त्याच जयश्रीताई २०२४ मध्ये विधानसभेला उभ्या राहिल्या आणि ते ८७ हजारांचे मताधिक्य त्यांच्यासमोरचे. नगरसेवक फोडता येतात. सवय फोडता येत नाही.

आता प्रचारासंबंधी दोन शब्द. मेहरूणला आपण सकाळी सहाला यावे. तलावाच्या काठी फिरायला येणारे लोक तेव्हा घोळक्याने सापडतात आणि सर्वांशी हस्तांदोलन करतात, कारण हात पुढे आला की धरावा ही त्यांची संस्कृती आहे. त्याचा अर्थ मत असा लावू नये. बोरांचा हंगाम असल्यास एखादी म्हातारी आपल्या ओंजळीत मेहरूणची बोरे घालील आणि पैसे घेणार नाही. त्या वेळी ‘बोरांच्या बागा गेल्या कुठे?’ हा प्रश्न तिला विचारू नये, कारण बागांचे प्लॉट पाडणारे आणि आपल्या मांडवाचा खर्च करणारे बहुधा एकाच घरचे निघतील. गल्लीत शिरल्यावर एक गृहस्थ गटार दाखवील. ते गटार सर्व उमेदवारांना दाखविलेले आहे. त्यावर आपली चप्पल भरेपर्यंत उभे राहावे, शेजारच्या कार्यकर्त्याने वहीत काहीतरी लिहून घ्यावे, आणि पुढे चालावे. आणखी एक करावे: स्वतःला एक नाते जोडून घ्यावे. दादा झाले, मामा झाले. नाथाभाऊ आणि गिरीशभाऊ या पुढाऱ्यांमुळे जिल्ह्यात भाऊही संपले. आबा आणि तात्या अद्याप मोकळे आहेत, परंतु केवळ नात्याने काही होत नाही, त्याला मताधिक्यही लागते.

रस्त्यांचा मुद्दा काढू नये. अमृत योजनेच्या जलवाहिन्यांसाठी शहर उकरले गेले तेव्हा आम्ही खड्ड्यांना शिव्या घालत केंद्रावर गेलो आणि मताधिक्य २२ हजारांनी वाढवून परतलो. तक्रार आणि मत ही आमची दोन स्वतंत्र खाती आहेत, एकातली रक्कम दुसऱ्यात वर्ग होत नाही.

व्यवहाराची बाजू अशी. अनामत रक्कम सर्वसाधारण उमेदवाराला १० हजार रुपये आहे, आणि एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते मिळाली तर ती परत मिळते. दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला जळगावात तेवढी मिळतात, तेव्हा डिपॉझिट जप्त होण्याची भीती मनात धरू नये. खर्चाची मर्यादा ४० लाखांची आहे, ती वाढली तर आपल्याला कळेलच. मात्र निकालानंतर ३० दिवसांच्या आत खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे दाखल करावा लागतो, आणि तो सबळ कारणावाचून न दिल्यास निवडणूक आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. पडलेल्यालाही ही अट लागू आहे. तेवढे चुकवू नये, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपला,
मौजे मेहरूण येथील एक मतदार
(मत कोणाला दिले, ते विचारू नये)