बसवणारा माणूस

"मुलगा काय करतो?"
"संगीत नाटकं बसवतो."
"ते झालं हो, पण करतो काय?"

आमच्या विचुंब्यात हा संवाद कोणत्याही इमारतीच्या कोणत्याही मजल्यावर होऊ शकतो. गाढी नदीच्या अलीकडे नवीन पनवेल, पलीकडे आम्ही. सकाळी रिक्षाने पनवेल स्टेशन गाठायचं आणि लोकलमध्ये चौथी सीट मिळाली की आयुष्य सार्थकी लागलं म्हणायचं. अशा मंडळींना दिग्दर्शक हा धंदा समजावून सांगणं अवघडच. युरोपात ऑपेरा बसवणाऱ्याला सरकारी थिएटरात पगाराची नोकरी असते म्हणतात. आपल्याकडे नाटक बसवणाऱ्याला आधी स्वतःच्या पोटापाण्याचं बसवावं लागतं.

आणि आपल्या संगीत नाटकवाल्यांनी ते बसवलंही. अण्णासाहेब किर्लोस्कर शिक्षक झाले, मग रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत लागले. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात त्यांच्या 'संगीत शाकुंतला'चे पहिले चार अंक झाले. गोविंद बल्लाळ देवल बेळगावात शिक्षक होते. आणि अलीकडचे जब्बार पटेल म्हणजे दौंडला लहान मुलांना तपासणारे डॉक्टर. दिवसा मुलं रडायची, संध्याकाळी पुण्यात तालमीला मोठी माणसं. फरक फारसा नसावा.

पण खरी अडचण पोटाची नाही, गळ्याची आहे. गद्य नाटकात नट दिग्दर्शकाचं ऐकतो, कारण त्याच्यापाशी दुसरं काही नसतं. संगीत नाटकात नटापाशी गळा असतो. ऑपेरात निदान वाद्यवृंदापुढे छडी घेऊन एक माणूस उभा असतो, त्याची छडी खाली आली की भल्या भल्या गायिकांना थांबावं लागतं. आपल्याकडे ऑर्गनवाला आणि तबलजी गायकाकडे डोळे लावून बसणार, आणि गायक प्रेक्षकांकडे. प्रेक्षक म्हणजे वन्स मोअर! नायिका दुःखाने कोसळायला आलेली, तिला उठवून पुन्हा तेच पद गायला लावणारा हा प्रेक्षक. 'शाकुंतला'त पदं दोनशेच्या घरात. प्रत्येकाला वन्स मोअर पडला असता तर दुष्यंताची अंगठी माशाच्या पोटातून दुसऱ्या दिवशी सकाळी निघाली असती.

या सगळ्याला लगाम घालायला देवलमास्तर उभे राहिले, म्हणून मला ते फार आवडतात. वाक्य कसं टाकायचं, कुठे थांबायचं, समोरचा बोलत असताना आपल्या चेहऱ्यावर काय हवं, हे ते घोटून घेत. गणपतराव जोशींचा झुंजारराव त्यांच्या तालमीत घडला. पुढे किर्लोस्कर नाटक मंडळीत आलेल्या बालगंधर्वांनाही त्यांनीच शिकवलं. बालगंधर्वांना शिकवायचं म्हणजे काय? ज्याने नुसता सूर लावला तरी लोक खूश, त्याला सांगायचं, बाबा, आधी हे वाक्य नीट म्हण. एवढं सांगायला छाती लागते. १८९९ च्या 'शारदे'तली पदं बघा, बोलता बोलता सहज गाण्यात शिरावं आणि तसंच बाहेर यावं इतकी आटोपशीर. मला तर हा लेखकाच्या वेषातला दिग्दर्शकच वाटतो. नट रंगमंचावर ऐकणार नाही, म्हणून त्याने पद लिहितानाच आखूड केलं. देवल १९१६ च्या जूनमध्ये गेले, आणि त्यांचा 'संशयकल्लोळ' संगीतरूपात रंगमंचावर आला तो त्याच वर्षी, त्यांच्यामागे.

पुरुषोत्तम दारव्हेकरांनी दुसरी युक्ती काढली. २४ डिसेंबर १९६७ चं 'कट्यार काळजात घुसली' त्यांनीच लिहिलं, त्यांनीच बसवलं. गायक थांबत नाहीत ना? मग भांडणच गाण्याचं ठेवू! दोन घराण्यांची चुरस हेच कथानक. आता खाँसाहेब झालेल्या वसंतराव देशपांड्यांनी तान कितीही लांबवली तरी कथा पुढेच सरकणार. शत्रूला घरात घेऊन त्याच्याच नावावर घर करून देण्याचा हा प्रकार.

जब्बार पटेलांनी तर एकटा गायकच काढून टाकला. 'घाशीराम कोतवाल'मध्ये (१९७२) माणसांची अख्खी रांग गाते, नाचते आणि पाठ फिरवली की भिंत होते. भिंतीला वन्स मोअर कोण देणार? पुढे १९७८ साली त्यांनी 'तीन पैशाचा तमाशा' केला. ब्रेख्तच्या ज्या कृतीवरून पु.ल.नी तो लिहिला तिच्या नावातच ऑपेरा आहे, आणि ब्रेख्तनेही तो उचलला १७२८ मधल्या जॉन गेच्या भिकाऱ्यांच्या ऑपेरावरून. म्हणजे लंडन, बर्लिन करत ऑपेरा पुण्याला आला तो तमाशा होऊन. दौंडचे डॉक्टर मध्ये होते म्हणून प्रकृतीला मानवला.

एवढं सगळं शहरात चाललेलं असताना आमच्या पनवेल-उरण पट्ट्यातल्या आगरी लग्नांत हा प्रश्न केव्हाच सुटलेला होता. तिथे धवलारीण असते. हळद लागण्यापासून पुढचा एकेक विधी ती धवले गाऊन पार पाडते. कोणी कधी पुढे यायचं, काय करायचं, ते तिच्या गाण्यातच. लेखक, गायक, दिग्दर्शक आणि भटजी एकाच लुगड्यात! ती स्वतःच गात असल्यामुळे गायकाला कधी थांबवायचं यावर वादच नाही. नवरदेवालाही वन्स मोअर म्हणायची सोय नाही.

आता गावात इमारती वाढल्या आणि हळदीला डीजे आला. डीजेलाही पद थांबवता येत नाही, हे आमच्या मजल्यावर रात्री नीट ऐकू येतं. मागच्या वर्षी सोसायटीच्या गणपतीत नाट्यगीतांचा कार्यक्रम ठरत होता. बसवायला कोण, यावर चर्चा अडली, तेव्हा मी म्हटलं, गावातल्या एखाद्या धवलारणीलाच बोलावू या. सेक्रेटरींनी वहीत नोंद केली आणि विचारलं, "त्यांचा माइक त्यांचा की आपला?"