मुख्यालयी कसे राहावे

शांघायला नोकरी लागलेल्या माणसाचे फार लाड होतात. कंपनी त्याला चिनी भाषेचा शिक्षक लावून देते, घर शोधून देते, काड्यांनी भात कसा उचलायचा आणि व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी का द्यायचे याची कार्यशाळा घेते. डहाणूला किंवा तलासरीला बदली झालेल्या माणसाला एक कागद मिळतो. पुण्या-साताऱ्याकडून, लातूर-बीडकडून दरसाल कितीतरी शिक्षक, तलाठी, डॉक्टर, इंजिनीयर आणि बँकवाले तो कागद खिशात घालून इकडे येतात आणि त्यांना चार गोष्टी सांगायला कुणी नसते. मीही घाटावरचाच. इथला झालो असे इथले लोक अजून म्हणत नाहीत, पण अनेक साहेबांची आवक-जावक जवळून पाहिली आहे. त्याचा लाभ नव्याने येणाऱ्यांना व्हावा, एवढाच हेतू.

आदेश हाती पडल्यावर घरात रीतसर सुतक पाळावे. एखादे काका "पालघर म्हणजे मुंबईच की रे" म्हणतील, दुसरे "ते ठाणे जिल्ह्यात येतं" म्हणतील. त्यांना १ ऑगस्ट २०१४ रोजी जिल्हा वेगळा झाल्याचे सांगून उपयोग नसतो. नकाशावर तलासरी चटकन सापडली नाही तरी घाबरू नये. हायवेने गुजरातच्या दिशेला निघावे आणि पाट्या गुजरातीत दिसू लागल्या की गाडी वळवून थोडे मागे यावे. १९६० साली राज्ये वेगळी झाली तेव्हा जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग तिकडे गेला आणि उरलेल्या गावांची तलासरी झाली. वाटणीत उरलेल्या गावांकडे वाटणी करणारे पुन्हा फारसे बघत नाहीत, हे साहेबांनी रुजू होण्याआधीच समजून घेतलेले बरे.

आता मुख्य विषय. सरकारी नोकराने मुख्यालयी राहावे असा नियम आहे. आदिवासी भागात काम करतो म्हणून त्याला वरच्या पदाची वेतनश्रेणी मिळते. ‘एकस्तर’ हा शब्द इथे पहिल्याच दिवशी पाठ होतो, गावांची नावे सावकाश झाली तरी चालतात. घरभाडे भत्त्यासाठी शिक्षक-ग्रामसेवकांना मुख्यालयी राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव मागतात. तेव्हा गावात एक खोली भाड्याने घ्यावी. खोलीत चटई, कॅलेंडर आणि पाण्याचा माठ असावा. दोरीवर एक बनियन वाळत असावा. अनुभवी साहेब तो दर पावसाळ्यात बदलतात. तीन वर्षे एकच बनियन वाळतो आहे असे दिसले तर ग्रामसभेत प्रश्न निघू शकतो. चावी खोलीमालकाकडेच ठेवावी. तो पावसात तिथे शेळ्या बांधील. बांधू द्याव्या. खोली वापरात राहते.

स्वतः मात्र विरार-वसईकडे बिऱ्हाड करून अप-डाउन करावे. पूर्वी हे कष्टाचे होते. एप्रिल २०१३ पासून लोकल डहाणू रोडपर्यंत येते आणि चर्चगेटपासूनचे १२४ किलोमीटर लोकलच्या बाकावर बसून कापता येतात. विरार सुटले की वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव, डहाणू रोड. ही नावे क्रमाने म्हणता येणे म्हणजे तालुक्याचा सखोल अभ्यास. डब्यात कोणत्या ग्रुपची जागा कोणती हे आधी विचारून घ्यावे. नियमात ते कुठे लिहिलेले नाही, म्हणूनच काटेकोर पाळले जाते. कचेरीत उशिरा पोचल्यास "गाडी लेट होती" म्हणावे. हे वाक्य इतके वेळा खरे असते की खोटे बोलणाऱ्यालाही कुणी अडवत नाही.

तलासरीवाल्यांचे जरा अवघड आहे, कारण तलासरीला स्टेशन नाही. एकतर डहाणू रोडला उतरून पुढे एसटी किंवा जीप धरायची, नाहीतर दुसऱ्या गाडीने सरळ पुढे जाऊन उंबरगाव किंवा संजाणला उतरायचे आणि रिक्षाने उलटे यायचे. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत हजर होण्यासाठी रोज सकाळी परराज्यातून यावे लागते. यावर परदेश भत्ता मागता येईल का, असे एका साहेबांनी विचारले होते. त्यांचा विनोद कुणाला कळला नाही, आणि मला वाटते तो विनोद नव्हता.

सीमेचे व्यवहार लवकर शिकावेत. पेट्रोल तिकडे स्वस्त, म्हणून आपण टाकी भरायला तिकडे जातो. तिकडे दारूबंदी, म्हणून ते भरायला इकडे येतात. सायंकाळी अच्छाडच्या आसपास दोन्ही राज्यांतले संबंध अत्यंत सौहार्दाचे असतात.

भाषेच्या बाबतीत साहेबांनी आपला बाणा सोडू नये. "यांना मराठी नीट येत नाही" हा शेरा पहिल्या भेटीच्या अहवालात यायलाच हवा. नाक्यावर पावसाळ्यात शेवळं आणि कंटोळी विकायला बसलेली बाई घरात वारली बोलते, मासळी घेताना मांगेलणीशी मांगेलीत घासाघीस करते, शेटजीशी गुजराती, ट्रकवाल्याशी हिंदी आणि साहेबांशी मराठी. ती पाचवी भाषा बोलताना थोडी अडखळते. नेमकी तीच साहेबांच्या कानावर पडते. साहेबांना स्वतःला दीड भाषा येते. अर्धी इंग्रजी.

पाड्यावर गेल्यावर घरांना कुलपे दिसतील. साहेबांनी वहीत ‘उदासीनता’ असे लिहावे. माणसे कुठे गेली हे विचारू नये, कारण उत्तर लांबते. कुणी रोज पहाटे सरीगाम-वापीच्या कारखान्यांत जातो, दिवाळीनंतर कुणाचे सगळे घरच वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जाते, कुणी ओखा-पोरबंदरच्या बोटींवर खलाशी असतो. बोट वाऱ्याने किंवा माशाच्या मागे समुद्रातली न दिसणारी रेघ ओलांडून गेली तर तो कराचीच्या तुरुंगात पोचतो आणि सुटायला वर्षे लागतात. परमुलखात नोकरीला जाण्याचा अनुभव या गावांना साहेबांपेक्षा बराच जास्त आहे. एकस्तर मात्र लागू नाही.

खाण्यापिण्याकडे वळू. ताडी सूर्योदयाला गोड असते, दुपारपर्यंत आंबते आणि संध्याकाळी तिचा स्वभाव पार बदललेला असतो. साहेबांनी ती कोणत्या वेळी घेतली यावरून गावात त्यांचे टोपणनाव ठरते, सबब घड्याळ पाहावे. सुक्या बोंबलांच्या वासाला नाक धरू नये. डहाणूच्या किनाऱ्यावर वाळणारी ती मासळी डोंगरातल्या घरांची पावसाळ्याची बेगमी असते. विवळवेढे इथली महालक्ष्मीची जत्रा चैत्र पौर्णिमेपासून पंधरा दिवस भरते, तिथे देवीच्या दर्शनाइतकीच सुक्या मासळीची खरेदीही श्रद्धेने होते. साहेबांना ही जत्रा ‘हायवेवरची कोंडी’ म्हणून माहीत असते, तेवढी माहिती पुरते.

चिकू. यावर बोलावेच लागते, कारण गावाकडचे नातेवाईक दुसरे काही विचारत नाहीत. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. जात कालीपत्ती. साहेबांनी फळ झाडावरून तोडून लगेच खाल्ले की चीक दाताला आणि अपमान मनाला चिकटतो. तोडून तीन-चार दिवस ठेवावे लागते. पण माझे लक्ष दुसऱ्या गोष्टीकडे आहे. चिकू मूळचा मेक्सिकोकडचा. त्याच्या बागा लावून वाढवणारे पारशी आणि इराणी, त्यांचे पूर्वज इराणचे. पारशी आधी संजाणला उतरले, संजाण पडल्यावर आपला पवित्र अग्नी घेऊन इथल्याच बाहरोटच्या डोंगरातल्या गुहांत राहिले. इराणी कुटुंबे फार नंतर आली आणि बागायतदार झाली. म्हणजे फळ परके, माळी परका, आणि दोघांपैकी कुणीही बदलीसाठी अर्ज केलेला नाही. अशा संगतीचा परिणाम होऊ शकतो. साहेबांनी चिकू जपून खावा.

हा धोका काल्पनिक नाही, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. बाहेरून आलेली काही शिकलीसवरलेली माणसे इथे खरोखरच मुख्यालयी राहिली. त्या दृष्टीने १९४५ हे साल फारच वाईट गेले. त्या वर्षी ताराबाई मोडक यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. ताराबाई बी. ए. झालेल्या, भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या. मुंबईत राहून व्याख्याने देता आली असती. पुण्यात शिक्षिका असलेल्या अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांच्याकडे आल्या. पुढे दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. मुले शाळेत येत नाहीत असा अहवाल पाठवून मोकळे होण्याची साधी युक्ती त्यांना सुचली नाही. मुले येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. तिथून अंगणवाडी आली. मुले गुरांमागे रानात असतात, तर शाळा रानात. तिला कुरणशाळा म्हणत. खेळणी नाहीत म्हणून शिंपले, बिया, खडे, पाने. खरेदीची निविदा काढलेली कुठे आढळत नाही. अनुताई १९९२ मध्ये वारल्या, तोपर्यंत त्यांचे इथले काम चालूच होते. सोयीच्या ठिकाणी बदलीचा एकही अर्ज न करता इतकी वर्षे काढणे हे आस्थापना शाखेच्या दृष्टीने गूढच म्हणायचे.

त्याच वर्षी, २३ मे रोजी, तलासरीजवळच्या झरीला वारल्यांची मोठी सभा झाली आणि वेठबिगार करायची नाही असे ठरले. तिथे गोदावरी परुळेकर होत्या. माहेरच्या गोखले, पुण्याच्या, कायद्याच्या पदवीधर. अशा माणसाने वास्तविक शहरात वकिली करावी. या वारल्यांच्या झोपड्यांत राहिल्या, त्यांच्यात बसून जेवल्या, आणि जमीनदाराच्या हाकेला ‘नाही’ म्हणता येते हे त्यांच्याबरोबर फिरून सांगत राहिल्या. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला गोळीबार झाला, माणसे मेली, तरी त्या परत गेल्या नाहीत. पुढे त्यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक लिहिले, त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. साहेबांनी ते वाचू नये. वाचले तर कचेरीसमोर लाल बावटा घेऊन बसलेल्या बाया नुसता ‘जमाव’ म्हणून दिसेनाशा होतात, आणि मग मोर्च्याच्या दिवशी दौरा काढायला जीव धजत नाही. मोर्च्याच्या दिवशी दौरा हा तर इथल्या प्रशासनाचा कणा आहे.

भूकंपाचे एक सांगायचे राहिले. २०१८ च्या नोव्हेंबरपासून धुंदलवाडी, दापचरीच्या परिसरात धक्क्यांची मालिका सुरू झाली. त्यानंतर कित्येक रात्री लोक थंडीत घराबाहेर, तंबूत झोपले. फेब्रुवारी २०१९ मध्ये एकाच दिवशी अनेक धक्के बसले. पाड्यावरच्या म्हाताऱ्या भांड्यांच्या आवाजावरून धक्का लहान की मोठा हे सांगू लागल्या. साहेबांनी अशा वेळी शांत राहावे आणि ते राहतातही, कारण रात्रीचा धक्का विरारपर्यंत बहुधा जाणवत नाही. सकाळी लोकलमध्ये पेपर उघडावा, आपल्या मुख्यालयी काय झाले ते वाचावे आणि "पंचनामा करून अहवाल सादर करावा" असा मेसेज ग्रुपवर टाकून पुन्हा डोळे मिटावेत. बोईसर आल्यावर उठवायला शेजाऱ्याला सांगून ठेवावे.

तीन वर्षे अशी पार पडली की निरोप समारंभ होतो आणि त्यात वारली चित्राची फ्रेम मिळते. ती कुठे टांगायची हे बायकोवर सोडावे. तारप्याभोवती नाचणाऱ्या माणसांची रांग कुठून सुरू होते हे शोधत बसू नये. हे चित्र मुळात लग्नघरात सुवासिनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर काढत, मधल्या चौकात पालघट देवी असे आणि लग्नानंतर ते भिंतीवरच पुसट होत जाई. कागदावर आणून ते जगभर नेले गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. समारंभाच्या भाषणात त्यांचे नाव घ्यायचे असल्यास आदल्या दिवशी एकदा उच्चारून पाहावे. "इथल्या भोळ्याभाबड्या लोकांनी मला भरभरून प्रेम दिले" हे वाक्य सर्वांना चालते. भोळेभाबडे लोक मागच्या रांगेत बसून पाच भाषांत हसतील, तिकडे लक्ष देऊ नये.

गावी परतल्यावर साहेब आपोआप आदिवासी जीवनाचे अभ्यासक होतात. ज्येष्ठ नागरिक संघात ‘वारल्यांचे अंतरंग’ असे व्याख्यान द्यावे, स्लाइडवर बोर्डीच्या सुरूच्या बनातला सहकुटुंब फोटो लावावा. टाळ्या मिळतात. प्रश्नोत्तरांत कुणी आगाऊपणे "भूकंप व्हायचा तेव्हा रात्री तुम्ही काय करत होता?" असे विचारलेच, तर आधी पाण्याचा ग्लास मागावा.