श्री. कमी दाबाचा पट्टा यांस

मु. पो. अरबी समुद्र



आपण पुन्हा तयार झाल्याचं मोबाइलवर वाचलं. मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये, हा आपला निरोप आम्हाला आता आरतीसारखा पाठ आहे. बंदरावर तीन नंबरचा बावटा चढला आणि आम्ही देवगडात नांगर टाकून बसलो. एका अंगाला कर्नाटकातल्या मालप्याची बोट, दुसऱ्या अंगाला गुजरातची. एवढा चांगला आडोसा या किनाऱ्यावर फार थोड्या ठिकाणी, त्यामुळे आपल्या कृपेने घरबसल्या भारतदर्शन होतं.

नांगरलेली बोट म्हणजे खलाशांना सुट्टी, असं बंदरावर सेल्फी काढणाऱ्या पाहुण्यांना वाटतं. आपलं कर्तृत्व त्यांना कुठून ठाऊक असणार! आपण दक्षिणेकडून वारा सोडता. बोट बिचारी नाळ वाऱ्याकडे करून शहाण्यासारखी उभी राहते. तोच ओहोटी लागते आणि खाडीचं पाणी तिला भलतीकडे ओढायला लागतं. मग ती आडवी होते आणि जी लोळायला लागते ती पाणी फिरेपर्यंत. भाताचा टोप आम्ही तारेने बांधून ठेवतो. कालवण बांधायची युक्ती अजून कोणाला सापडलेली नाही.

बरं, फिरायचं तर सगळ्या बोटींनी एकदम फिरावं. तेही नाही. भरलेली बोट पाण्याचं ऐकते, रिकामी वाऱ्याचं. एकीचा दोर लांब, दुसरीचा आखूड. मग मध्यरात्री टायरवर टायर आपटतात आणि नेपाळीपासून कन्नडपर्यंत सगळ्या भाषांत आपला उद्धार होतो. आपल्यापर्यंत पोचत असेलच.

एकाने रात्रभर जागं राहायचं, हा नियम. दोर जिथे घासतो तिथे गोणपाट गुंडाळायचं, ते झिजलं की नवं गुंडाळायचं. तळात साचलेलं पाणी उपसायचं. किनाऱ्यावरचे दोन दिवे एका रेषेत धरून ठेवायचे. ती रेष मोडली आणि बोट परत जागेवर आली नाही, तर नांगर घसरतोय असं समजायचं. नेमके तेच दिवे आपण पावसाच्या पडद्याआड नेता. विनोदबुद्धी आहे आपल्याला. कपडे वाळत नाहीत, उशी वाळत नाही, डिझेलच्या वासाला केबिनबाहेर जायला वाट मिळत नाही, कारण झडप उघडली की पाऊस आत. वितळायचं काम तेवढं खणातला बर्फ न चुकता करतो. मासळीसाठी भरलेला बर्फ, मासळी न बघताच पाणी होतो आणि तेही आम्हीच उपसतो.

यात आपलं एक चातुर्य मात्र मानलं पाहिजे. आपण वाढत नाही. वारा ताशी 62 किलोमीटरपर्यंत गेला की आपलं चक्रीवादळ होतं, 13 देशांनी मिळून केलेल्या यादीतलं नाव मिळतं, मग कॅमेरे येतात, मंत्री येतात, पंचनामे होतात. 2019 साली क्यार आणि महा आले तेव्हा मच्छीमारांचा हंगाम बुडाला, म्हणून पुढच्या वर्षी सरकारने 65 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. मे 2021 मध्ये तौक्ते आलं, तेव्हा तर इथल्याच आनंदवाडी बंदरात नांगरलेल्या बोटींचे दोर तुटले आणि माणसं गेली. त्याच वादळात मुंबईच्या समुद्रात पी-305 हा तराफा नांगरावरून सुटून बुडाला. त्या वादळांची चेष्टा करण्याची माझी छाती नाही.

आपण मात्र निनावीच राहता. येता, चार दिवस रेंगाळता, ओमानकडे जातो म्हणता आणि विरता. कोणी मेलं नाही, बोट फुटली नाही, म्हणजे नुकसान शून्य! खलाशांचा पगार, शिधा, बर्फ, पंपासाठी जाळलेलं डिझेल, घासून गेलेला दोर, हे सगळं तांडेल आणि मालकाने आपसात बघून घ्यायचं. 1 जून ते 31 जुलै बंदी असते, तिच्याबद्दल तक्रार नाही. मासळीलाही विणीला वेळ हवा. पण 1 ऑगस्टला दोर सोडावा तर आपण हजर, दिवाळीच्या आधी पुन्हा हजर. पर्ससीन जाळीवाल्यांना तर सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच काळ, त्यातलेही आठवडे आपल्या पाहुणचारात जातात.

आपल्याशी भांडून उपयोग नाही, हे आम्हाला कळतं. म्हणून या पत्राची एक प्रत मत्स्यव्यवसाय खात्याला देत आहे. बावटा कधी चढला आणि कधी उतरला, हे सगळ्या बंदराला दिसतं. ते दिवस मोजायला पंचनामा लागत नाही. मोजा, आणि बावट्याखाली बसलेल्या प्रत्येक दिवसाची निदान खलाशाची मजुरी द्या. वाऱ्याला नाव मिळालं नाही म्हणून खलाशाची भूक कमी होत नसते.

बर्फाचं बिल सोबत जोडलं आहे.

आपला नाइलाजाने,
एक तांडेल, देवगड बंदर