पृथ्वी ओढते, फरशी अडवते

आमच्या घरात जड वस्तू जागची हलली नाही की खापर गुरुत्वाकर्षणावर फुटतं. परवा लोखंडी कपाट या भिंतीकडून त्या भिंतीकडे न्यायचा घाट घातला. मेहुणा बाह्या सरसावून भिडला, कपाट ढिम्म. घाम पुसत तो म्हणाला, "भावोजी, गुरुत्वाकर्षण फार आहे हो!"

वास्तविक पृथ्वी सरळ खाली ओढते. सपाट जमिनीवर आडवं ढकलणाऱ्याच्या ती वाटेलाही जात नाही. आडवी आली होती ती फरशी.

घर्षण म्हणजे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. तुम्ही गप्प, तर तेही गप्प. बोटाने ढकला, बोटाएवढाच विरोध. खांदा लावा, खांद्याएवढा. तुम्ही डावीकडे म्हणालात की ते उजवीकडे. स्वतःचा प्रस्ताव म्हणून कधी नसतोच. मात्र रेटा मर्यादेबाहेर गेला की जरा नरमतात. म्हणून तर कपाट एकदा हललं की पुढे रेटायला पहिल्याइतका जोर लागत नाही.

मेहुणा म्हणाला, "आडवं पाडून ढकलू." आई स्वयंपाकघरातूनच ओरडली, "आधी साड्या काढा आतल्या, आणि पायांखाली गोणपाट घाला!" घर्षण वजनाच्या प्रमाणात वाढतं, टेकलेली जागा कमी की जास्त याने फारसा फरक पडत नाही, हे आमोंतों नावाच्या फ्रेंच माणसाने 1699 मध्ये मांडलं. आईला तो ठाऊक असण्याचं कारण नाही. पण साड्या निघाल्या, गोणपाट गेलं आणि कपाट मुकाट्याने चालू लागलं. म्हणजे पृथ्वीचा हात होता, पण पडद्याआडून: ती कपाट फरशीवर दाबते आणि त्या दाबावर फरशी आपला हट्ट ठरवते.

पृथ्वीचा उघड विरोध बघायचा तर भोर घाटात जावं. कर्जत ते लोणावळा चढ 37 फुटांना 1 फूट इतका खडा. तिथे गाडीला ती खरोखरच मागे ओढते, म्हणून कर्जतला मागून ढकलायला बँकर इंजिनं लागतात. पण इंजिनांत कितीही ताकद असली तरी ओल्या रुळांवर चाकं जागच्या जागी गरगरली तर काय उपयोग? मग चाकांपुढे रुळांवर वाळू सोडतात. कॅरमवर पावडर टाकून ज्याला हाकलायचं, त्यालाच घाटात वाळू टाकून बोलवायचं!

तरी मान सगळा गुरुत्वाकर्षणाला. न्यूटनने 1687 मध्ये ग्रंथ लिहिला, सफरचंदाची गोष्ट घरोघरी पोचली. स्पर्शही न करता पावणेचार लाख किलोमीटरवरचा चंद्र धरून ठेवतं म्हटल्यावर दबदबा असणारच. घर्षणाच्या वाट्याला काय, तर परीक्षेतला 'फायदे-तोटे लिहा' हा प्रश्न. त्यातही पोरं तोटेच आधी लिहितात. टायर झिजले, पेट्रोल जळलं, यंत्र तापलं!

फायद्यांसाठी वही उघडायची गरज नाही. आपण चालतो ते घर्षणावर. तसबिरीचा खिळा भिंतीत टिकतो तो घर्षणावर. आणि गुरुत्वाकर्षण चोवीस तास आपला पायजमा खाली ओढत असताना चारचौघांत आपली अब्रू राखते ती नाडीची गाठ, तीही निव्वळ घर्षणावर. तेव्हा घर्षणाला नावं ठेवायची असतील तर खुशाल ठेवा. फक्त त्याआधी एका हाताने पायजमा धरा.